दत्ता, तुझंच खरं होतं

टिळकवाडी, बेळगाव
२० जानेवारी

प्रिय दत्ता,

दोन वर्षं झाली तुला पत्र नाही, फोनही गणपतीला झाला तेवढाच. रागावला असशील. पण गेल्या महिन्यात जे घडलं ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणते, "झालं ना दुरुस्त? मग आता काय त्याचं?" दुरुस्त काय झालं आणि कसं झालं, ते तुलाच कळणार. माझी शुगर गोळीवर आहे, गुडघा होता तसाच, बाकी ठीक.

माझी बारकी इंग्लंडात लीड्सला असते हे तुला ठाऊक आहेच. तिची मुलगी आता चार महिन्यांची झाली. डिसेंबरात तिकडं रात्री पारा शून्याच्या खाली जातो. आपल्याकडं थंडी म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि बंबातलं कडकडीत पाणी, की संपलं. तिथं घरच गार पडलं तर तान्ह्या लेकराला ठेवायचं कुठं? प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी रेडिएटर, स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, आणि तेच तेच पाणी पंपानं घरभर फिरत राहतं. बंद सर्किट, कारखान्यातल्या आपल्या तेलाच्या प्रेशरच्या टेस्ट बेंचसारखं. आपण २१० बारवर काम करायचो, इथं पाणी थंड असताना प्रेशरचा काटा १ ते १.५ बारवर असला की झालं. एक बार म्हणजे दहा मीटर पाण्याचा भार. माझ्या गच्चीवरच्या टाकीचा खालच्या नळाला तेवढासुद्धा मिळत नाही.

तर तिचा काटा उतरत होता. जावई १.५ पर्यंत पाणी भरायचे, तिसऱ्या दिवशी काटा ०.५ वर, बॉयलर बंद. तीन आठवडे हेच चाललेलं. एकजण येऊन बघून गेला आणि म्हणाला, बॉयलर जुना झालाय, नवाच घाला. त्या रात्री पोरीचा फोन आला. मागं नात रडत होती. "बाबा, तुम्ही जन्मभर प्रेशरच बघितलंत ना? मग सांगा की, कुठं जातंय हे पाणी?" दत्ता, मला बोलवेना.

दुसऱ्या दिवशी वही काढली. तारीख, वेळ, काटा, बॉयलर चालू की बंद. ती सकाळी सातला उठायची, आपल्याकडं साडेबारा वाजलेले असायचे. आधी काट्याचा फोटो यायचा, मग नातीचा. तुझी हीच सवय होती, मेस्त्री तुला 'तलाठी' म्हणायचे ते आठवतंय का?

पाणी भरायचा कॉक नीट बंद होतो का, ते आधी पाहिलं. तो झिरपत असता तर काटा वर गेला असता, म्हणजे तो निर्दोष. मग मला गळतीच दिसायला लागली. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवायला सांगितला. बाथरूममधल्या एका नटाखाली तांब्यावर हिरवा डाग आणि पांढरी खपली निघाली, कागद ओला झाला. जावयांनी पाना लावून नट किंचित आवळला. सापडलं म्हणून मी निवांत झोपलो. तिसऱ्या दिवशी काटा परत ०.६ वर.

मग मी म्हटलं, गालिचा काढा, जमिनीचे लाकडी तक्ते उचला, पाईप खालून फुटला असणार. जावई बिचारे तयारही झाले. त्या रात्री दोनला मला जाग आली, आणि खरंच सांगतो, तुझा आवाज कानात आला. "अरे गळत कुठंच नाही गा, गॅस गेलाय."

उद्यमबागेतला तो बेंच आठवला. १९८७ चा पावसाळा, पत्र्यावर धो धो आवाज. पंप बंद केला की काटा खाडकन खाली. मी दोन दिवस एकेक जोड उघडत होतो, सगळ्या ओ-रिंग नव्या घातल्या, हात कोपरापर्यंत तेलात. तू ॲक्युम्युलेटरवर, तेलाचा दाब धरून ठेवणाऱ्या त्या नळकांड्यावर, हात ठेवून म्हणालास, आतल्या ब्लॅडरमधला, म्हणजे रबरी पिशवीतला, नायट्रोजन गेलाय, तेलाला मागून ढकलणारं काही उरलंच नाही, मग जराशा झिरपण्यानंही काटा पडणारच. मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि मी मालकांना सांगितलं की दत्तानं फिटिंग नीट आवळल्या नाहीत. तुझा महिन्याचा ओव्हरटाइम गेला. तुझ्या दिवाळीचे पैसे होते ते. पुढच्या आठवड्यात नायट्रोजन भरला आणि बेंच सुरळीत चालला, तेव्हा मी पलीकडच्या मशीनवर खाली मान घालून उभा होतो.

उठून दिवा लावला आणि वही उघडली. आकडे समोरच होते. बॉयलर रात्रभर बंद असला की काटा हलत नव्हता. जे पडत होतं ते बॉयलर तापून निवल्यानंतरच पडत होतं. इतके दिवस मी ते लिहून घेत होतो आणि वाचत नव्हतो.

तरी खात्री करून घेतली. बॉयलरच्या खाली जाणाऱ्या-येणाऱ्या दोन पायपांवर कॉक असतात. बॉयलर बंद केला, पाणी निवू दिलं, काटा १.३ वर, आणि दोन्ही कॉक बंद. गेज बॉयलरच्या बाजूला. सकाळी काटा पडलेला असता तर दोष बॉयलरमध्ये. तो जागेवर राहून कॉक उघडताक्षणी पडला असता तर घरातल्या पायपांत. सकाळी १.३. कॉक उघडले, तरी १.३. थंड असताना थेंबभरही जात नव्हतं. तक्ते वाचले.

मग बॉयलर चालू केला आणि बारकीनं मोबाईल काट्यासमोर धरला. १.३. दहा मिनिटांत १.८. मग २.४. मी इथं खुर्चीच्या कडेला बसून. काटा ३ ला टेकायला आला आणि ती म्हणाली, "बाबा, बाहेर काहीतरी ठिबकतंय." भिंतीतून बाहेर निघालेला एक आखूड तांब्याचा पाईप असतो, सेफ्टी व्हॉल्व्हचा. तो ३ बारला उघडतो. गरम पाणी येतं म्हणून तिला लांब उभं केलं, नंतर त्याच्या तोंडाशी दुधाची रिकामी बाटली सैल बांधून ठेवायला लावली. सकाळी बाटलीत चार बोटं पाणी.

तुला पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. शंभर लिटर पाणी १० अंशांवरून ८० वर गेलं की तीन लिटरच्या आसपास वाढतं. ते सामावायला बॉयलरमध्ये एक चपटा डबा, मधे रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला १ बारच्या आतबाहेर भरलेली हवा. तुझ्या ॲक्युम्युलेटरचा धाकटा भाऊच. हवा गेली की वाढलेल्या पाण्याला जागा नाही, काटा वर, व्हॉल्व्ह उघडणार, पाणी अंगणात. निवलं की तेवढं पाणी कमी आणि काटा खाली.

बॉयलरचं कव्हर उघडायचं नाही असं मी जावयांना बजावलं. तिथं गॅसचं काम नोंदणी असलेल्या माणसानंच करायचा कायदा आहे, आणि ते योग्यच आहे. नोंदणीवाला आला. त्यानं डब्याची पिन दाबली, सायकलच्या ट्यूबला असते तशीच. हवा नाही, पाणीही नाही. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, डबाच बदलावा लागला असता. त्यानं सिस्टीममधलं प्रेशर उतरवलं आणि पंपानं डब्यात हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण इतक्यांदा उघडलेला व्हॉल्व्ह कचरा अडकून नीट बसत नाही. आणि इतके आठवडे पुन्हा पुन्हा नवं पाणी भरल्यानं आत हवा जाऊन रेडिएटर गंजतात, म्हणून गंजरोधक औषध घातलं. हे भरणं मी आधीच थांबवायला हवं होतं.

आता थंड असताना १.३, गरम झाल्यावर १.७. अठरा दिवस झाले. नात काल झबल्यावर होती, स्वेटरशिवाय.

बारकी म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?" मी तिला तुझं नाव सांगितलं. ओव्हरटाइमचंही सांगितलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "काकांना सांगितलंत का कधी?"

तर दत्ता, सांगतोय. तू बरोबर होतास आणि मी खोटं बोललो. तुझ्या दिवाळीचे पैसे मी खाल्ले नाहीत, पण गेले माझ्यामुळंच.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? धाकट्याला शिरोलीत कायम केलं असं कानावर आलं, आनंद वाटला. तुझ्या पाठीला आता तरी पट्टा लाव.

वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना ये की. गच्चीवर झोपू. ही वही मी ठेवलीय, तुला दाखवायचीय. दोनला जाग आली त्या रात्रीच्या पानावर तुझं नाव लिहिलंय.

तुझा,
बाळू