सायकल शर्यतींत खान्देशच्या मातीचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्याकडे हौशी सायकलपटू क्रॉस-कंट्री माउंटन बाईक, म्हणजे डोंगराळ कच्च्या वाटांवरच्या सायकल शर्यतींच्या तयारीला लागतात. सातपुड्याच्या पायथ्याला, चाळीसगावच्या डोंगरांकडे, धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूला सराव करणारी मुलं-मुली आता नेहमी दिसतात, याचा मनापासून आनंद आहे. पण त्यांची बरीचशी तयारी परदेशी व्हिडिओ पाहून होते. तिथले सल्ले दमट जंगलातल्या मऊ वाटांसाठी असतात. खान्देशात वाट मुरमाची, काळ्या मातीची आणि बाभळीच्या काट्यांची. इथे बहुतेकांची शर्यत छातीत दम नसल्यामुळे जात नाही, टायरमुळे जाते.

बाभूळ, बोर, सराटा आणि कापणीनंतर बांधाकडेला उरलेली तुरीची, मक्याची धसकटं, यांच्यापुढे साधी ट्यूब टिकत नाही. म्हणून पहिला खर्च हलक्या हँडलवर किंवा कार्बनच्या फ्रेमवर न करता ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरवर करावा. २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरमध्ये १०० मिलिलिटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोकं आतून बुजवणारं द्रव, लागतं. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, त्यामुळे ऑक्टोबरात टायर उघडून पाहिल्याशिवाय शर्यतीला जाऊ नये. आत रबराच्या सालींसारखा थर निघाला, तर समजावं की सीलंट संपलं.

वाटेत टायरमध्ये काटा दिसला आणि हवा जात नसेल, तर तो उपटू नये. काटाच भोक बुजवून बसलेला असतो. शर्यत संपल्यावर काढावा, भोक खाली येईल असं चाक धरावं, सीलंट आपलं काम करतं. धसकटाने मोठं भोक पडलं तर आधी रबरी प्लग घालावा. जादा ट्यूब हा शेवटचा उपाय, कारण इथल्या जुन्या ट्यूबलेस टायरच्या आत अनेक काट्यांची टोकं निघालेली असतात आणि नवी ट्यूब शंभर मीटरमध्ये पंक्चर होते. ट्यूब घालायचीच वेळ आली तर आधी व्हॉल्व्ह काढावा, मग टायरच्या आतून फडकं फिरवावं. फडकं जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोटं फिरवू नयेत, रक्त निघतं.

हवेच्या दाबाबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘टणक टायर म्हणजे वेग’ हे डांबरी रस्त्यापुरतं बरं. खडीच्या चढावर टणक टायर उड्या मारतो, मागचं चाक जागेवर फिरतं. सत्तर किलोच्या स्वाराने ट्यूबलेसमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २२ ते २५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करावी. ट्यूब असेल तर २८ ते ३२, नाहीतर दगडावर आदळून रिम ट्यूबला चिमटा घेते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पेट्रोल पंपावरच्या काट्यावर इतक्या कमी दाबात विसंबू नये. शिवाय बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला तिथली नळी अडॅप्टरशिवाय बसत नाही. दाब मोजायचं छोटं साधन स्वतःचं असावं.

काळी माती दोन रूपांत त्रास देते. कोरडी असताना तिला भेगा पडतात. चाकाच्या दिशेने गेलेल्या भेगेत पुढचं चाक अडकलं की स्वार हँडलवरून पुढे जातो, म्हणून भेग तिरकी ओलांडावी आणि वजन मागे घ्यावं. अवकाळी पाऊस झाला, तर तीच माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च भरते. अशा वेळी जोर लावून पेडल मारणं सर्वात घातक. साखळी डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेला) ओढते, तो फ्रेमला जोडणारा हँगर मोडतो आणि डिरेलर आऱ्यांत जातो. उतरावं, काडीने माती काढावी, सायकल खांद्यावर घेऊन कडेच्या गवतातून चालावं. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर आणि साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी) खिशात असावी. हँगर दुसऱ्या कंपनीचा सहसा बसत नाही, आणि ऐनवेळी तालुक्याच्या दुकानात मिळेल याची खात्री नसते.

खाण्याच्या बाबतीत तर आपण भाग्यवान आहोत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहून महागड्या जेलच्या पुड्या मागवायची गरज नाही. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, पाच-सहा चमचे साखर आणि लिंबू, हे तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्यावं. खाणं सपाटीवर उरकावं, अरुंद पायवाट लागण्याआधी.

आता आयोजकांना कळकळीची विनंती. तीस किलोमीटरचा एकच मोठा फेरा आखण्यापेक्षा चार ते सहा किलोमीटरच्या मार्गाच्या फेऱ्या ठेवाव्यात. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली ही शर्यत अशाच छोट्या मार्गावर होते. स्वयंसेवक कमी लागतात, रुग्णवाहिका लवकर पोहोचते आणि गावकऱ्यांनाही शर्यत पाहता येते. सुरुवातीला काही शे मीटर रुंद रस्ता हवा, म्हणजे पायवाटेच्या तोंडाशी घोळका अडकत नाही. वळणाची खूण वळणावर नव्हे, त्याच्या तीसेक मीटर आधी असावी. काळ्या मातीवर चुना उठून दिसतो, पांढरट मुरमावर दिसत नाही. तिथे लाल पट्टी बांधावी.

टी-शर्ट आणि पदकांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा मार्गाच्या पाहणीला द्यावा. शेतांकडेच्या वाटेवर कठडा नसलेल्या विहिरी असतात, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा असतात, ठिबकच्या नळ्या वाटेवर आडव्या पडलेल्या असतात. शेतकऱ्यांना आधी भेटून तारा बंद करून घ्याव्यात, नळ्या बाजूला काढाव्यात, विहिरीपाशी माणूस उभा करावा. वाट वनहद्दीतून जात असेल तर वन विभागाची परवानगी लागते. यावल, अनेर किंवा गौताळा अभयारण्यात मार्ग आखण्याचा मोह टाळून गायरान आणि पाझर तलावांच्या कडेच्या वाटा निवडाव्यात. मार्गाचा नकाशा, एकूण चढ आणि काटेरी पट्ट्यांची माहिती आठवडाभर आधी जाहीर करावी आणि आदल्या दुपारी मार्ग सरावासाठी खुला ठेवावा. बाहेरगावच्या स्पर्धकाला टायरमध्ये किती हवा ठेवायची हे त्या एका सराव फेरीतच कळतं.

आपला,
एक सायकलप्रेमी वाचक, चाळीसगाव