नाही विचारत

चिमे,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाहीये. "बाबा, तुम्ही माझे मॅनेजर नाही आहात" हे तुझं वाक्य तिने मला चारदा तरी ऐकवलं. बरं. म्हणून लिहितोय, आणि थिसिसचं किती झालं हे विचारणार नाहीये.

तू पाठवलेली थिसिसची ती ३८ पानं वाचली. रात्री दोनला पाठवलीस, म्हणजे झोप... असो. गँट चार्ट, १९५७ चा सीपीएम, १९५८ चं अमेरिकन नेव्हीचं पर्ट, प्रोजेक्टचं वेळापत्रक आखायच्या या सगळ्या पद्धतींबद्दल इतकं स्वच्छ लिहिलंयस की आजीला वाचून दाखवलं, तिला काही कळलं नाही तरी मान डोलावली. पण "यात इकॉनॉमिक्स कुठंय?" असं सरांनी विचारलं ते खोटं नाही गं. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ ला व्हायचं ते १९७३ ला झालं, ७० लाख डॉलरचं १० कोटी २० लाखांवर गेलं, हे सांगतेस आणि पुढच्या ओळीत दुसराच प्रोजेक्ट. अंदाज देणाऱ्याला अंदाज चुकल्याचा काय फटका बसतो, हे कुणी विचारायचं?

मला पुस्तकी येत नाही, पण माझ्या पहिल्या साइटवर भिंतीवर दोन हात लांब बार चार्ट होता. जेवढं काम झालं तेवढी पट्टी पेन्सिलने काळी करायची. पायाचं काम मागे पडलंय हे मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. तरी शनिवारी साहेब यायच्या आधी मी न झालेली पट्टीही भरायचो आणि सोमवारी खोडायचो, शेवटी त्या जागी कागदाला भोक पडलं. वाटायचं पुढच्या आठवड्यात भरून काढू. ज्याला माहिती आहे त्याला सांगण्यात तोटा आणि ज्याचे पैसे अडकलेत त्याला काही दिसत नाही, यालाच तुमच्यात प्रिन्सिपल-एजंट म्हणतात ना? २९ व्या पानावर तू ते दोन ओळींत उरकलंयस. माझ्या मते थिसिस तिथेच आहे. आधीची पानं कापायला जिवावर येईल, पण संक कॉस्ट, म्हणजे आधीच गेलेल्या खर्चासाठी अडून बसायचं नाही, हे तूच मला शिकवलंस, दादाच्या त्या गाडीच्या वेळी.

आणि "मी साधी बीए, मी काय नवीन सांगणार" हे बंद कर. तुमचा तो अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस शिकत होता तेव्हाच अमेरिकेत कारखान्यांतून फिरून विचारत होता, बाजारात सगळं मिळतं तर कंपनी लागते कशाला? १९३२ मध्ये एकविसाव्या वर्षी लेक्चरमध्ये मांडलं, १९३७ मध्ये छापलं, नोबेल मिळालं १९९१ मध्ये. तूही प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या माणसांना दोनच गोष्टी विचार: उशीर होणार हे कधी कळलं आणि वर कधी सांगितलंत. नावं घेणार नाही म्हणून आधीच सांग, नाहीतर कुणी खरं बोलणार नाही. पहिला मला धर. कळलं तिसऱ्या आठवड्यात, सांगितलं दहाव्या.

झालं, लेक्चर सुरू. सॉरी.

पण तू म्हणतेस थिसिसचं हे प्रकरण आठवड्यात उरकेल, ते तुझ्याच पर्टने काढून बघ ना. सगळं सुरळीत गेलं तर २ आठवडे, बहुतेक ३, सगळंच बिघडलं तर १०. मधल्याला चारने गुण, तिन्हींची बेरीज कर, सहाने भाग. ४ येतात. सबमिशनला ६ आहेत. म्हणजे वेळ आहे, फक्त सरांनाही वाचायला वेळ लागतो, तू दाखवलंस का त्यांना? नाही विचारत, नाही विचारत.

दुसरीत असताना फुटलेला गुडघा तू तीन दिवस फ्रॉकखाली लपवला होतास, आठवतं? आम्हाला कळलं तेव्हा पू झाला होता. डॉक्टरांसमोर रडली नाहीस, मीच बाहेर जाऊन उभा राहिलो. परवा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणालीस तो आवाज तसाच वाटला मला. नसेलही.

पानं आहेत तशी, अर्धवट, चुकांसकट मेल कर सरांना. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बाबा

ता.क. ते कागदाला भोक पडल्याचं आईला सांगू नकोस. तिला अजून माहीत नाही.