रिपोर्टमधला तो ४

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आईच्या स्तनातल्या गाठीबद्दल मी "काही नाही, साधी गाठ दिसतेय" म्हणून घाईघाईने विषय बदलला. त्यानंतर बाबांनी रिपोर्ट स्वतःच वाचला, त्यात 'बाय-रॅड्स ४ए' दिसलं आणि रात्रभर तुमच्या खोलीत दिवा होता, हे दादाकडून कळलं. चूक माझीच. नीट सांगायला हवं होतं.

बाबा, गणिताच्या वहीत मी नुसता आकडा लिहिला की तुम्ही लाल पेनाने विचारायचात, "४ काय? ४ मीटर की ४ घोडे?" आता मी विचारते. हा ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे. मॅमोग्राफी, सोनोग्राफीत गाठ कितपत संशयास्पद दिसते, ते रेडिओलॉजिस्ट ० ते ६ अशा श्रेणींत लिहितात. ४ म्हणजे, नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही, तुकडा तपासा. त्यातही 'ए' हा सगळ्यात कमी संशयाचा गट. त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता २ ते १० टक्के धरतात. स्टेजचा प्रश्न अजून आलेलाच नाही. आधी कॅन्सर आहे हे ठरावं लागतं, मग स्टेज.

म्हणून न विचारता गुरुवारी बायॉप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याची, वेळ घेतली आहे. रागवा हवं तर. विचारलं असतं तर "बघू पुढच्या महिन्यात" झालं असतं, आणि मामीच्या वेळचं 'बघू' आपण तिघांनीही पाहिलंय. रजा टाकली आहे, बुधवारी रात्री पोचते.

आई, सुई लावली की पसरतो असं तुला कोणी सांगितलं ते मी ओळखलंय. स्तनाच्या बायॉप्सीमुळे रोग बळावतो असं इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. आडवं झोपायचं, जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत बघत सुई गाठीपर्यंत नेतात. स्टेपलरसारखा खटकन आवाज होतो, त्याने मात्र दचकशील. असे तीन-चार बारीक तुकडे. टाके नाहीत, नंतर थोडं काळंनिळं पडेल. उशी मी घरचीच आणते, तुला दुसरी चालत नाही. माझ्या पायात काटा गेला की मी किंचाळायचे आणि तू म्हणायचीस, "काढत नाही गं, नुसतं बघू तर दे." तसंच आहे हे, नुसतं बघणं. (तू काढायचीसच, ते सोड.)

रक्ताच्या तपासणीत कळत नाही का, असं बाबा विचारत होते. नाही. ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तात शोधतात ती कॅन्सरची खूण, सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मल येऊ शकतो आणि भलत्याच कारणाने वाढूही शकतो. पॅथॉलॉजिस्टने पेशी बघितल्याशिवाय निदान होत नाही, आणि त्याला काही दिवस लागतात. ते दिवस वाईट जातील, पण मी तिथेच असेन.

आणि समजा निघालाच, तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर (हार्मोनशी संबंधित) आणि हर-२ (एक प्रथिन) या तपासण्या होतात, कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायला. मग स्टेज: गाठ केवढी, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलाय का, दूर कुठे पोचलाय का. आईची गाठ १४ मिलिमीटर आहे. २० मिलिमीटरपर्यंतची गाठ आकाराच्या पहिल्याच पायरीत मोडते. बाबा, रिपोर्टवर 'ग्रेड' दिसलं तर ती स्टेज समजू नका. पेशी कितपत बिघडल्यात, एवढंच ते सांगतं. आणि "आत्ताच अख्ख्या शरीराचा पेट स्कॅन करून टाकू" हा हट्ट सोडा. लहान गाठीत तो सगळ्यांना लागतोच असं नाही.

आता कामाचं. आई, पुढे बटणं असलेला सैल ब्लाउज घाल. नाश्ता करून निघायचं, उपाशी राहायचं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं मी आजच डॉक्टरांना विचारते, तोवर आपल्या मनाने बंद करायची नाही. बाबा, निळ्या पिशवीतल्या जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म्स काढून ठेवा, जुन्याशी ताडून बघता येतं. मामाला सध्या काही सांगू नका.

आणि आज दिवा मालवून झोपा, दोघंही.

तुमची,
छोटी