मॅन्युअल थेरपीचे पैसे घेऊन नुसतं मशीन लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : टेनिस एल्बोच्या पॅकेजची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातला कापसाचा शेतकरी. फवारणीत पाठीवरच्या पंपाचा दांडा डाव्या हाताने मारून मारून कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ लागली. चहाचा कप धरता येईना, म्हशीची धार काढणं तर दूरच. हाडांच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितला आणि फिजिओथेरपी लिहून दिली. मग तुमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या तालुक्यातल्या शाखेत ‘मॅन्युअल थेरपी पॅकेज’, म्हणजे हाताने करायच्या उपचारांचं पॅकेज, घेतलं. पैसे आगाऊ भरले. पावतीवर हेच शब्द छापलेले आहेत.

प्रत्यक्षात दर वेळी तेच. जेल चोपडून अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवायचं, करंटचे पॅड चिकटवायचे, पडदा ओढून निघून जायचं. हाताने उपचार कधी, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “काका, आता सगळं मशीनवरच असते.” मशीन वाईट असं माझं म्हणणं नाही. पण मग पावतीवर तसं लिहा आणि तेवढेच पैसे घ्या.

वर्ध्याला फिजिओथेरपी शिकणारी माझी भाची दिवाळीत आली, तेव्हा मला या उपचाराची खरी रीत कळली. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची शीर (टेंडन) कोपराच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे तिने अंगठा ठेवून आडवं घासलं. शिरेच्या लांबीने घासायचं नाही, आडवंच. ही ब्रिटिश डॉक्टर सिरियाक्स यांची पद्धत. मग दंड एका हाताने पक्का धरून दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग बाहेरच्या बाजूला सरकवला आणि म्हणाली, “मामा, आता मूठ आवळा.” कळ तिथल्या तिथे कमी झाली! ही न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट मुलिगन यांची पद्धत. असं धरल्यावर दुखणं कमी झालं नाही तर दिशा बदलायची, जोर करायचा नाही. शिवाय मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम रोज करायला लावला. तुमच्याकडे व्यायामाचा एक कागदही मिळाला नाही. पट्टा विकला तो ऐन सांध्यावर बांधून दिला. तो कोपराच्या थोडा खाली, स्नायूवर हवा.

सगळ्यात राग आला तो काउंटरवरच्या सल्ल्याचा : “इंजेक्शन घेऊन टाका, मोकळे व्हा.” ऑस्ट्रेलियातल्या 198 रुग्णांवरचा अभ्यास 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने 6 आठवड्यांत छान वाटलं, पण पुढे बऱ्याच जणांचं दुखणं उलटलं. वर्षाअखेरीस हाताचे उपचार आणि व्यायाम करणारे त्यांच्यापेक्षा बरे होते. इंजेक्शनचं डॉक्टर बघतील, काउंटरने सांगू नये.

पॅकेजची पूर्ण रक्कम आणि पट्ट्याचे पैसे 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

सोबत : पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

आपला,
एक शेतकरी ग्राहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ