भाव बांधून टंचाई हटत नाही

महागाई वाढली की सरकारने भाव बांधून द्यावेत, अशी मागणी लगेच पुढे येते. हेतू चांगला असेलही, पण खर्चसुद्धा निघणार नाही असा भाव ठरवला की उत्पादक माल कमी काढतो, असलेला माल काळ्या बाजारात जातो आणि ज्यांच्या नावाने हे सारे केले, त्या गरिबांच्या वाट्याला रांगा येतात. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत नेमके हेच चालले होते. जून १९४८ मध्ये तिथे नवे चलन आले आणि तिथला आर्थिक कारभार पाहणारे लुडविग एर्हार्ड यांनी त्याच वेळी अनेक वस्तूंवरचे भावनियंत्रण उठवले. ओस पडलेली दुकाने काही दिवसांतच मालाने भरली. सुरुवातीला भाव चढले, नोव्हेंबरात मोठा संपही झाला, हे खरे. पण एर्हार्ड मागे हटले नाहीत आणि उत्पादन वाढत गेले. शेजारच्या पूर्व जर्मनीने मात्र सरकारी नियोजनाचा हट्ट धरला. तिथून लाखो माणसे निघून गेली आणि उरलेल्यांना अडवण्यासाठी १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत उभारावी लागली! एवढा पुरावा समोर असताना पुन्हा त्याच वाटेने का जायचे? गरिबांना मदत जरूर करावी, पण ती थेट त्यांच्या हाती पैसे देऊन. भाव ठरवण्याचे काम मंत्रालयांनी करू नये.