ओझं वाहणाऱ्यांची चौकशी करा

महोदय,

गेल्या ऑगस्टमध्ये टांझानियात किलिमांजारोवर मचामे मार्गाने सात दिवसांचा ट्रेक केला. 5895 मीटरवरच्या उहुरू शिखरावर पोहोचले ती वाटाड्याच्या ‘पोले पोले’मुळे, म्हणजे हळूहळू. शेवटच्या तळाचं नाव बराफू. स्वाहिलीत त्याचा अर्थ बर्फ, हे कळल्यावर परमुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण डोळ्यांसमोरून हलत नाही तो आमचा हमाल. डोक्यावर तंबू, पाठीवर माझी पिशवी आणि पायात तळ सुटलेला बूट, सुतळीने आवळून बांधलेला. बरांकोची भिंत, म्हणजे वाटेतला उभा कडा, मी हातापायांवर चढत होते. तो एका हाताने ओझं सावरत माझ्या पुढे निघून गेला. प्रवेशद्वारावर ओझ्याचं वजन करतात, माणशी 20 किलोची मर्यादा आहे. बुटांकडे कोण बघतं?

किलिमांजारोला जाणाऱ्या आपल्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्याआधी कंपनीला थेट विचारा, हमालांना रोज किती देता, जेवण किती वेळा, रात्री ते कुठे झोपतात? मी विचारलं नव्हतं. खाली उतरल्यावर माझे बूट त्याला दिले. ते त्याला होईनात.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक