कोयत्याचं पाणी परत आणलंत, मेस्त्रीकाका

आदरणीय मेस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र उघडं लिहितोय. माळ्यावर कोयता गंजत पडलाय अशी घरं कोकणात पुष्कळ आहेत, त्यांनीही ते वाचावं.

आमच्या आजोबांचा कोयता ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला. भाजावळीची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, कवळं (झाडांच्या डहाळ्या) त्यानेच तोडली जायची. आजोबांमागे घरात कुणी कमरेला कोयता अडकवायची आकडी बांधली नाही. कोयत्याला गंज चढला, मूठ खिळखिळी झाली. त्यात बाजारात कुणीतरी यंत्राच्या दगडावर धार काढून दिली, ती दिसायला झकास, पण सुक्या फांदीवर घाव घातला की वळायची.

मला वाटलं, लोखंडच हलकं. तुम्ही धारेवरची निळी झाक पाहिलीत आणि म्हणालात, "ह्येचा पाणी उतारला." पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा; यंत्राच्या दगडावर कड तापली आणि तो गेला. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो, आणि त्यापुढे कडकपणा ढासळत जातो. हे मी नंतर वाचलं. तुम्हाला रंगावरूनच कळलं होतं.

जळकी कड तुम्ही कानशीने उतरवलीत. मग भात्यासमोर धारेकडची दोन बोटं रुंदीची कड तेवढी लाल केलीत. चुंबक चिकटायचा थांबला तेव्हा थोडं आणखी तापवून ती तेलात बुडवलीत. पाठ मुद्दाम मऊ ठेवलीत, घावाचा हादरा तिनेच सोसायचा असतो म्हणून. त्यानंतरचं काम खरं अवघड, आणि मला त्यातलं निम्मंच कळलं. धारेलगतची पट्टी घासून चकचकीत केलीत आणि कोयता पुन्हा हळूहळू तापवलात. पट्टीवर पिवळा रंग सरकत आला, मग तपकिरी, आणि जांभळट व्हायच्या बेताला तुम्ही थांबवलंत. हे केलं नसतं तर धार काचेसारखी तडकली असती.

पण सगळ्यात जास्त आभार तुम्ही जे करायला नकार दिलात त्याचे. गंजाने पडलेले खड्डे घासून सपाट करा, असा माझा हट्ट होता. तुम्ही सुटा गंज रॉकेल आणि काथ्याने काढलात आणि काळं पातं तसंच ठेवलंत. खड्ड्यांच्या तळापर्यंत घासलं असतं तर पातंच पातळ झालं असतं. धारही वस्तऱ्यासारखी नको म्हणालात. फांदी तोडणाऱ्या पात्याला धारेमागे पोटात भर लागते, कागद कापून दाखवायचा नसतो. शेवटचा हात कुरुंदाच्या ओल्या दगडावर, तोही मलाच मारायला लावलात. पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कड लागली की पातं उलटायचं, हे आता हाताला कळतं.

नवी मूठ खैराची बसवलीत. मजुरी किती घेतलीत ते लिहीत नाही, तुम्हीच रागवाल.

पातं पुसून खोबरेल लावून ठेवतो. पावसाआधी शेजाऱ्यांचे दोन कोयते आणि आईची विळी घेऊन येतोय. कोळसा महागलाय म्हणत होता, म्हणून करवंट्यांची पोतीही गाडीत टाकतो.

आपला,
कोयतेवाला नातू